दीवच्या धक्क्यावरचे ताट

बडोद्याच्या मराठी माणसापासून समुद्र तसा दूरच. नकाशावर खंबातचे आखात हाताशी दिसते खरे, परंतु तेथे जाऊन उभे राहावे तर दृष्टीस पडते ते गढूळ पाणी आणि ओहोटीने उघडा पडलेला चिखल. गावात विश्वामित्री आहे. पण तिच्या काठी पान मांडून बसण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण तिच्यातील मगरींनाही भोजनाची वेळ असते. राहता राहिला सुरसागर. त्याच्या आसपास संध्याकाळी खाणाऱ्यांची जी गर्दी होते तीत आमची सेव-उसळ मानाने मिरवते. महाराष्ट्रातील मिसळीची ही गुजरातेत नांदावयास आलेली बहीण. परंतु तळ्याच्या काठी खाणे वेगळे आणि समुद्राच्या काठी, तेही बेटावर बसून, खाणे वेगळे. ते सुख हवे असेल तर बडोदेकर दीवला जातो. चारशेच्या आसपास किलोमीटरांचा रस्ता तुडवून, भावनगरवरून उन्याच्या बाजूने तो तेथे पोचतो, आणि पहिल्याच संध्याकाळी बंदरावरील एखाद्या हॉटेलात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून खाडीकडे तोंड करतो.

या खुर्चीचा आणि तिच्यापुढील ताटाचा इतिहास लिहावा असे आमच्या मनात आहे. वाचक हसतील. दीव म्हटले की किल्ला, तोफा आणि आरमारे. त्यांच्या पंक्तीत हॉटेलातील खुर्चीस जागा कोठली? तथापि किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. शिवाय या बेटावर ज्या ज्या मोठ्या घटना घडल्या त्यांत अन्नाचा आणि पेल्याचा संबंध इतक्या वेळा आला आहे, की तेथल्या इतिहासाकडे भटारखान्याच्या दाराने शिरले तरी वाट चुकण्याचे भय नाही.

प्रथम स्थळ. दीव हे बेट लहान, चाळीस चौरस किलोमीटरांच्या आतबाहेरचे. २०११ च्या जनगणनेत खाडीपलीकडील घोघल्यासह साऱ्या जिल्ह्याची वस्ती ५२,००० च्या घरात भरली. सौराष्ट्राच्या भूमीपासून एका अरुंद खाडीने त्यास तोडले आहे. पूर्वेच्या टोकास किल्ला, त्याच्यासमोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, पश्चिमेच्या टोकास वणाकबाऱ्याचे मासेमारीचे बंदर, आणि मध्ये नागव्याचा किनारा. त्या किनाऱ्यावर ताडासारखी, परंतु फांद्या फुटलेली 'होका' नावाची झाडे आहेत. ती आफ्रिकेतून आली असे तेथे सांगतात. शहराचा बंदररस्ता खाडीच्या कडेने जातो, आणि त्याच रस्त्यावर ती हॉटेले व त्या खुर्च्या. समोर नांगरलेल्या होड्या, होड्यांवर वाळत घातलेली जाळी, पलीकडे घोघल्याचे दिवे. दृश्य खरोखरच रम्य आहे, आणि त्याकडे पाहणारे थोडे आहेत. बहुतेकांची दृष्टी पेल्यावर असते.

गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही, या एका वाक्यात त्या गर्दीचे स्पष्टीकरण होते. घोघल्याचा वाळूचा किनारा तसाच पुढे अहमदपूर-मांडवीच्या किनाऱ्यास मिळतो. वाळू एक, लाट एक, परंतु मध्ये कोठेतरी एक अदृश्य रेघ आहे. तिच्या अलीकडे जो ग्राहक, तोच तिच्या पलीकडे आरोपी. ही रेघ कोणी आखली आणि ती अजून का टिकली, हा आमचा खरा विषय. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दीवचा कारभार मलिक अयाझ याच्या हाती होता. गुजरातच्या सुलतानाचा हा सरदार मूळचा परदेशी, परंतु बंदर कसे चालवावे हे त्याच्याइतके त्या काळी थोड्यांस कळत असेल. १५०८ साली चौलच्या खाडीत मिसरी आणि गुजराती आरमारांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा त्यात पडला आणि काही पोर्तुगीज अयाझच्या कैदेत आले. मुलाचा सूड घेण्यासाठी फ्रान्सिस्को द आल्मेदा ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीववर चालून आला आणि जिंकला. तेव्हा अयाझने काय करावे? चौलचे ते कैदी त्याने परत केले ते अंगावर चांगले कपडे आणि पोटात चांगले अन्न घातलेले असे. दीवच्या पाहुणचाराची ही पहिली ठळक नोंद होय. बंदिवानास जेवू घालण्यात औदार्य किती आणि दूरदृष्टी किती, हे ठरविणे अवघड आहे. आमच्या मते दुसरीचे प्रमाण अधिक असावे. पण ज्यांस जेवण मिळाले त्यांना हा भेद जाणवला नसेल.

दीवचा पुढचा प्रसिद्ध पाहुणा मात्र आमच्याच बाजूने आला. १५३५ साली हुमायूनने सुलतान बहादूरशहाचा पाठलाग करीत बडोद्याजवळचे चांपानेर घेतले, तेव्हा सुलतान खंबातमार्गे दीवला पळाला. संकटात सापडलेल्या माणसाने जे करू नये ते त्याने केले. पोर्तुगीजांची मदत मागितली आणि मोबदल्यात दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली. वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १५३४ मध्ये, वसई त्याने त्यांस देऊन टाकली होती. ती परत मिळविण्यास १७३९ पर्यंत वाट पाहावी लागली आणि चिमाजी अप्पांस किती माणसे खर्ची घालावी लागली हे मराठी वाचकांस सांगणे नको.

याच काळात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य मार्तिं आफोंस द सौझ याच्या परिवारात दीवला होता. पुढे १५६३ साली त्याने गोव्यात आपला औषधींवरील संवादग्रंथ छापला. त्यातील भांगेच्या प्रकरणात तो बहादूरशहाची एक आठवण देतो. सुलतान सौझला म्हणाला होता, की रात्री कधी पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान किंवा इराण येथे जाण्याची लहर आली, तर आपणास थोडी भांग घेतली की पुरे होते. गुजरातच्या राजाने परकीय पाहुण्यापाशी केलेला हा विनोद आज दारूबंदीच्या गुजरातेत वाचताना मौज वाटते. परंतु त्यातील करुण भागही नजरेआड होऊ नये. ज्याचे राज्य हातचे गेले होते तो सुलतान भांगेच्या पेल्यात पोर्तुगाल पाहत होता, आणि तेवढ्या वेळात पोर्तुगाल त्याच्या बंदरात भिंती चढवीत होते.

हुमायून परत फिरल्यावर बहादूरशहास आपल्या दानाचा पश्चात्ताप झाला. पुढची हकीगत दोन्ही पक्ष निरनिराळी सांगतात. पोर्तुगीज बखरकारांचे म्हणणे असे, की गव्हर्नर नुनु द कुन्य यास मेजवानीस बोलवावे आणि तेथेच धरावे असा सुलतानाचा बेत होता. गव्हर्नरने आजाराचे निमित्त केले आणि तो आपल्या जहाजावरच राहिला. फेब्रुवारी १५३७ मध्ये सुलतान मोजक्या माणसांनिशी त्या जहाजावर समाचारास गेला. परतताना पाण्यावर चकमक उडाली आणि गुजरातचा सुलतान दीवच्या बंदरात मेला. मुसलमान इतिहासकार हा निखळ विश्वासघात मानतात. न्यायाच्या तराजूत घालायचे तर यजमानाच्या मनातील दगा हा केवळ आरोप आहे, आणि पाहुण्याचे प्रेत ही वस्तुस्थिती आहे. आज ज्या पाण्याकडे तोंड करून पर्यटक कोळंबीची वाट पाहतो ते पाणी हेच. जी मेजवानी झाली नाही तिच्यासाठी तेथे एक राजा बळी गेला.

दुसरा वेढा १५४६ चा. कित्येक महिने किल्ल्यातील पोर्तुगीज शिबंदी अडकून पडली होती. प्रेतांवर बसणारे कावळे मारून आजाऱ्यांस पथ्याचे मांस म्हणून देत, असे बखरीत लिहिले आहे. नोव्हेंबरात गव्हर्नर झुआंव द काश्त्रु याने वेढा उठविला, परंतु ढासळलेला किल्ला पुन्हा बांधण्यास पैसा नव्हता. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पर्दाव कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठविले. नगरसभेने पैसे दिले आणि दाढी परत केली. आम्ही वकिलीत पुष्कळ गहाणखते पाहिली आहेत, पण ज्याची बाजारात कवडीही येणार नाही असे इतके भक्कम तारण आढळले नाही. गोमंतकीय वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे, की दीवच्या किल्ल्याचा चुना गोव्याच्या पैशाने मळला गेला. चौल आणि गोवा येथील स्त्रियांनी दागिने देऊ केल्याच्या गोष्टीही त्याच वेढ्याच्या आहेत. दीव आणि गोवा यांच्यामध्ये एवढा समुद्र असूनही ती जी एकत्र बांधली गेली ती येथून.

त्यानंतरची तीन शतके आम्ही लवकर ओलांडतो. सुरतेचा उदय झाला, १६६८ मध्ये मस्कतच्या अरबांनी दीव लुटले, आणि सुलतानांचे वैभवशाली बंदर एक झोपाळू ठाणे होऊन बसले. मात्र एक व्यापार टिकला आणि त्याचा एक धागा आमच्या दारातून जातो. बडोद्यापासून थोड्या अंतरावरील जंबुसर येथे विणलेले कापड अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दीवचे वाणी व्यापारी मोझांबिकला नेत. बदल्यात हस्तिदंत येई, आणि हे लपविण्यात अर्थ नाही, गुलामही येत. जंबुसरच्या मागावर बसलेल्या माणसाने दीव पाहिले नसेल; त्याच्यावर अंमल मराठ्यांचा होता, त्याचे गिऱ्हाईक आफ्रिकेत होते, आणि मधला दलाल पोर्तुगीजांची प्रजा होता. दीवच्या वाण्यांची घराणी मोझांबिकात स्थायिक झाली आणि बेटावर उरली ती त्यांची बंद दारांची नक्षीदार घरे.

बडोदे राज्याचाही दीवशी शेजार होता, ही गोष्ट आता बडोद्यात फारशा कोणाच्या स्मरणात नाही. गायकवाडांच्या अमरेली प्रांतात कोडीनार हा तालुका होता, आणि कोडीनारचा किनारा दीवच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर आहे. मध्ये जुनागढच्या नबाबाचा उना-देलवाड्याचा मुलूख. एकोणिसाव्या शतकापासून १९४९ पर्यंत, म्हणजे १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत, बदलीवर गेलेल्या मराठी कारकुनास एका दिवसाच्या प्रवासात गायकवाड, नबाब आणि लिस्बन अशी तीन सरकारे भेटत. त्या कारकुनास कोडीनारात ताजा मासा मिळत असणार, आणि सरकारी शिस्त सुटून जीभ सैल होत असणार. कारण सयाजीरावांच्या राज्यात दारू परवान्याने मिळे आणि अबकारी हे जमेचे एक खाते होते. दीवची ओढ तेव्हा बडोदेकरास नव्हती. जी वस्तू घरी मिळते तिच्यासाठी बेट गाठण्याची गरज पडत नाही.

ती गरज कायद्याने निर्माण केली. मुंबईच्या विधिमंडळाने १९४९ साली दारूबंदीचा अधिनियम केला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. नुकतेच विलीन झालेले बडोदे तिच्यात आपोआप आले. या अधिनियमाची परीक्षा बालसरा खटल्यात झाली. मुंबईच्या एका नागरिकाने व्हिस्की, ब्रँडी, बियर येथपासून औषधी मद्य आणि यूडीकोलनपर्यंत सर्व काही बाळगण्याचा आपला हक्क न्यायालयापुढे मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. यूडीकोलन आणि औषधे मात्र वाचली. सौराष्ट्र १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यास जोडले गेले आणि १९५९ मध्ये हा अधिनियम त्या भागासही लागू झाला. म्हणजे कायदा दीवच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी, गुजरात वेगळे झाले. महाराष्ट्राने काही वर्षांत आपला कायदा सैल केला; गुजरातने तो घट्ट धरून ठेवला.

खाडीच्या पलीकडे अजून पोर्तुगाल होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य खाडी ओलांडून दीवमध्ये शिरले. येथील लढाई लहान असली तरी नाममात्र नव्हती. 'व्हेगा' ही पोर्तुगीज गस्तनौका बुडाली आणि तिचा तरुण कप्तान तिच्यावर पडला. दुसऱ्या दिवशी सर्व संपले होते. याची शिक्षा भोगली ती मोझांबिकातील भारतीयांनी; तेथील पोर्तुगीज सरकारने त्यांना छावण्यांत कोंडले आणि पुष्कळांस देशोधडीस लावले. दीवच्या एकेका घरातील एक भाऊ या किनाऱ्यावर मुक्त झाला आणि दुसरा त्या किनाऱ्यावर बंदिवान झाला. या बाजूची आठवण आपल्याकडे सहसा कोणी काढीत नाही.

मुक्त झालेले दीव गुजरातेत गेले नाही; गोवा, दमण आणि दीव असा एक केंद्रशासित प्रदेश झाला. १९६२ च्या कायद्याने तेथील जुने कायदे तात्पुरते चालू ठेवले, आणि त्या 'तात्पुरत्या' शब्दाच्या आश्रयाने १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता दीवमध्ये टिकून राहिली. मुंबईचा दारूबंदी अधिनियम तेथे कधी लागूच झाला नाही; तेथे १९६४ पासून अबकारी शुल्काचा गोव्याचा कायदा आला. त्या कायद्यास दारू हे पाप नव्हे, उत्पन्न आहे.

आता १६ जानेवारी १९६७ या दिवसाकडे येऊ. या मासिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांस हा दिवस निराळ्या कारणाने आठवतो. विलीनीकरणवाद्यांचे फूल आणि विरोधकांची दोन पाने यांवरून घराघरांत झालेली भांडणे अनेकांनी पाहिली किंवा वडिलांकडून ऐकली असतील. गोव्याने १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशा मतांनी महाराष्ट्रात जाण्याचे नाकारले. त्या जखमा पुन्हा उकलण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु त्याच दिवशी त्याच कायद्याखाली दमण आणि दीव येथेही मतपेट्या मांडल्या होत्या, हे मराठी आणि कोंकणी दोघेही विसरले. तेथे प्रश्न महाराष्ट्राचा नव्हता. गुजरातेत जावे की केंद्रशासित राहावे असा होता. आणि तेथील लोकांची भाषा कोणती याविषयी वाद नव्हता. ती गुजराती होती आणि आहे. गोव्यात विलीनीकरणाविरुद्ध जो मोठा युक्तिवाद होता, की आमची भाषा वेगळी, तो दीवमध्ये उपलब्धच नव्हता. तरी दमण-दीवच्या मतदारांनी बहुमताने गुजरातेत जाण्याचे नाकारले.

का नाकारले? दारूसाठी, असे उत्तर देणे सोपे आहे आणि गुजरातेत ते हसत हसत दिले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. लहान बेटास दूरचा धनी परवडतो, जवळचा परवडत नाही; दिल्लीचा अधिकारी वर्षा-दोन वर्षांनी बदलून जातो, शेजारचा मामलेदार जन्माचा राहतो. आफ्रिकेतील नातेवाइकांचे कागद, जुन्या संहितेखालील मालमत्तेचे हक्क, आणि चार शतकांचे वेगळेपण यांचेही वजन त्या पारड्यात असले पाहिजे. मतदाराने पेल्याचा विचार केला असो वा नसो, फळ मात्र पेल्यास मिळाले. त्या दिवशी निकाल उलट लागता तर मुंबईचा अधिनियम खाडी ओलांडून बेटावर आला असता, आणि धक्क्यावरच्या त्या खुर्च्या आज तेथे नसत्या. भाषिक राज्यरचनेविषयी ग्रंथ लिहिणाऱ्यांनी दीवचे हे उदाहरण अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे होते. भाषा एक असतानाही लोक वेगळे राहू इच्छितात याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरीकडे सहज सापडणार नाही.

याच कायदेशीर विचित्रपणाची आणखी एक बाजू आहे. उन्यातील खटल्याचे अपील अहमदाबादच्या उच्च न्यायालयात जाते. काही किलोमीटरांवरील दीवचे अपील १९८२ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात जाते. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले तेव्हा दीव गोव्यापासून तुटले, पण मुंबईशी असलेला हा दोर राहिला. त्या वेळी कोणी मतपेटी मांडली नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगरहवेली एक करण्यात आली, तेव्हाही नाही. दादरा-नगरहवेलीचे नाव निघाल्यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा निकाल आठवल्याशिवाय कायद्याच्या पदवीधरास राहवत नाही. तेथे पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या तहाच्या मराठी पाठाचा कीस काढला गेला होता, आणि न्यायालयाने ठरविले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसूल, सार्वभौमत्व नव्हे. मराठी दफ्तरातील एका शब्दाने लिस्बनचा दावा पातळ केला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांस भारतीय भूमीतून जाण्याचा हक्क त्या न्यायालयाने तत्त्वतः मानला. शस्त्रे आणि सैनिक यांस मानला नाही.

दीवच्या नाक्यावर आज याहून कडक न्याय चालतो. माणसास येण्याजाण्याचा हक्क आहे, बाटलीस नाही. गुजरातच्या अधिनियमाचे ६५ वे कलम दारू आणण्या-नेण्यास पकडते, ६६ वे बाळगण्यास आणि पिण्यास. आणि जो बेटावर पोटभर पिऊन रिकाम्या हातांनी परत येतो त्याच्यासाठी ८५ वे कलम आहे. सार्वजनिक जागी नशेत सापडलेल्या इसमास ते कलम 'कोठे प्यालास' असे विचारीत बसत नाही. म्हणून धक्क्यावरच्या त्या गर्दीत एक घाई असते. जे पुढचे सहा महिने मिळणार नाही ते दोन संध्याकाळींत घेऊन टाकावयाचे असते. गोव्यातील तावेर्न्यात बसलेला म्हातारा एक पेला 'सोरो' घेऊन तास तास काढतो. त्याला घाई नसते, कारण उद्याही तावेर्ना उघडे आहे. पिण्याची सभ्यता कायद्याच्या सैलपणातून येते की जुन्या सवयीतून, हा वाद आम्ही सोडवू शकत नाही. परंतु बंदीच्या काठावर ती उगवत नाही, एवढे दीवमध्ये डोळ्यांनी दिसते. २०२३ च्या डिसेंबरात गुजरात सरकारने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत जेवणाबरोबर मद्याची मुभा दिली. तीही एक प्रकारचे बेटच म्हणावयाचे, फक्त भोवती पाणी नाही.

या घाईत जे नष्ट होत आहे ते ताट होय. वणाकबारा आणि घोघला येथील खारवा व कोळी रोज उत्तम मासा आणतात. पापलेट, सुरमई, कोळंबी, बोंबील, सर्व काही धक्क्यापासून हाकेवर आहे. परंतु हॉटेलात तो मासा येतो कसा? एक तर मसाल्यात बुडवून तळलेला, नाही तर कोणत्याही शहरात मिळतो त्या लाल पंजाबी रश्शात पोहणारा. पेल्याबरोबर काहीतरी तिखट हवे, ते मिळाले की गिऱ्हाईक तृप्त. बरोबरच्या मंडळींसाठी पावभाजी असते; शाकाहारी कुटुंबे आपापल्या नियमांचे पदार्थ मागवितात आणि ते त्यांना मिळतात, यात गैर काहीच नाही. गैर एवढेच, की ज्या बेटावर सव्वाचारशे वर्षे गोव्याचे पाद्री, कारकून आणि शिपाई राहिले, तेथे शीत-हुमण मागितले तर वाढपी आपल्या तोंडाकडे पाहतो. जुन्या दीवचे पोर्तुगीज वळणाचे जेवण थोड्या ख्रिस्ती घरांत उरले आहे, आणि ते घरच्यांसाठी किंवा आधी सांगून ठेवणाऱ्यासाठी शिजते.

त्या घरांत एक भाषाही आहे. पोर्तुगीजच, पण गुजरातीच्या सहवासाने बदललेली. शुखार्त या पंडिताने १८८३ मध्येच तिच्यावर लिहिले होते, आणि ऊगु कार्दोझु यांनी २००९ साली तिच्या व्याकरणावर प्रबंध पूर्ण केला तेव्हा ती बोलणारी माणसे बेटावर १८० च्या आसपास उरली होती. भटारखाना आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच चुलीशी शिकल्या जातात. चूल विझली की दोन्ही एकदमच जातात.

येथे बडोद्याच्या एका ग्रंथाची आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद यांनी १९१३ मध्ये आशियाच्या सुमारे पन्नास भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली निघाले ते मुंबईत नव्हे, गोव्यातही नव्हे, तर बडोद्यात. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा तो ७४ वा ग्रंथ. भाषांतरकार अँथनी झेवियर सोरिश हे बडोदे कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि कायद्याची पदवी घेतलेले होते. एका कोंकणी पंडिताचे पोर्तुगीज पुस्तक एका मराठी राजाच्या गुजरातेतील राजधानीत इंग्रजी होऊन छापले गेले, यात त्या काळी कोणास आश्चर्य वाटले नाही. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस हे आपल्या ताटातील शब्द कोणकोणत्या भाषांत कसे फिरले हे त्यात ओळीने सापडते. धक्क्यावरच्या गिऱ्हाइकाने मागविलेल्या पावभाजीतील पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द समोरच्या किल्ल्याच्याच मालकांनी आणलेले आहेत.

शब्दांची नोंद झाली, पदार्थांची राहिली. १९८७ पर्यंत गोव्याच्या शाळा, टपाल, जकात आणि न्यायखाते यांतील माणसे दीवला बदलीवर जात असत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरी कोंकणी व मराठी दोन्ही चालत. शेजारच्या ख्रिस्ती घरातून नाताळास काय आले, खारव्याच्या बायकोने बोंबील कसा वाळवावा म्हणून सांगितले, नारळ महाग असताना हुमण कशात केले, हे त्या घरांतील आजींस अजून आठवत असेल. तशी माहिती ज्यांच्याजवळ असेल त्यांनी ती मराठीत वा कोंकणीत, जशी सुचेल तशी, लिहून काढावी. पदार्थाचे नाव, त्यात पडणारे जिन्नस, तो कोणत्या घरी आणि कोणत्या साली खाल्ला, एवढे जरी लिहिले तरी पुरे. प्रमाण आणि कृती त्या आजींकडून मागाहून विचारून घेता येतील, पण तेही फार उशीर न करता.